सोलापुरात स्लेटचं छप्पर घालायचं तर काय काय लागेल

सोलापूरच्या आसपास शेतावर घर बांधणारे वाढले आहेत. त्यांतल्या काहींना वर पाण्याची टाकी ठेवलेलं चौकोनी स्लॅबचं घर नको असतं, उतरतं छप्पर हवं असतं. हिमाचलातल्या धर्मशाळेकडे फिरून आलेला माणूस तिथल्या करड्या दगडी छपरांचा फोटो ठेकेदारापुढे धरतो आणि ठेकेदार म्हणतो, “मालक, त्यात काय एवढं? शहाबादी कापून बसवू की.” काम बिघडायला इथूनच सुरुवात होते. शहाबादी हा उत्तम दगड आहे, पण तो स्लेट नाही. आणि खरी स्लेट आणली तरी ती कशावर, कोणत्या खिळ्याने आणि किती झाकून बसवायची हे आधी ठरलं नसेल, तर दगड शंभर वर्षांचा आणि छप्पर पंधरा वर्षांचं, अशी गत होते. जुनी स्लेटची छपरं उतरवताना पुष्कळदा दिसतं ते हेच: दगड शाबूत, खिळे गंजून गेलेले आणि कोपऱ्यातला पत्रा फाटलेला. म्हणून या लेखात दगडाइतकीच जागा खिळ्याला दिली आहे.

आधी दगड ओळखू

स्लेट मुळात चिखल असते. पाण्याच्या तळाशी साचलेला बारीक गाळ दबून त्याचा शेल नावाचा थरांचा दगड होतो, आणि तो शेल जमिनीच्या पोटात दाबाखाली आणि उष्णतेत सापडला की त्यातले अभ्रकासारखे चपटे कण एकाच दिशेला लागतात. त्यामुळे स्लेट त्या दिशेने पातळ चिरली जाते. जेमतेम ५-६ मिलिमीटर जाडीची पाटी निघते आणि तरीही ती मजबूत असते, पाणी जवळजवळ पीत नाही. छपराचा दगड म्हणून तिची किंमत आहे ती या दोन गुणांमुळे.

आपला सोलापूर जिल्हा काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर बसलेला आहे. इथे स्लेट मिळत नाही. भारतात ती हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात खनियाऱ्याला, हरियाणातल्या रेवाडी जिल्ह्यात कुंडला आणि आंध्रातल्या मार्कापूरला निघते. आपल्या आधीच्या पिढ्यांनी शाळेत वापरलेल्या दगडी पाट्यांसाठी मार्कापूर प्रसिद्ध होतं. जगात सर्वांत नावाजलेली स्लेट वेल्सच्या उत्तर भागातली. तिथल्या पेनरिन खाणीतून आजही दगड निघतो, आणि तो सगळा खाण-परिसर २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

आता शहाबादी. ती येते शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून आणि ती चुनखडी आहे. कडप्पा म्हणून आपण स्वयंपाकघरात ओटे आणि फडताळं करतो तीही चुनखडी. कोटा फरशी तीच. म्हणजे सोलापुरातल्या फरशीच्या दुकानात रोज विकले जाणारे तिन्ही दगड चुनखडीचे आहेत. चुनखडीवर आम्ल पडलं की ती फसफसते. हातमोजे घालून पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाकून बघा: शहाबादीवर लगेच फेस येईल, चांगल्या स्लेटवर येणार नाही. दुकानदार काहीही नाव सांगो, एवढी परीक्षा करायला मिनिटसुद्धा लागत नाही.

शहाबादीचा खरा अडसर वजनाचा आहे. ती साधारण इंचभर जाडीत मिळते. एका चौरस फुटाला तिचा एक थर सहा किलोंच्या वर जातो. स्लेटसारखी एकावर एक चढवून बसवली तर छपराच्या दर चौरस फुटावर चौदा-पंधरा किलो येतात. खऱ्या स्लेटचं तेवढंच छप्पर चार किलोंत होतं. कलबुर्गीकडच्या जुन्या घरांत मोठ्या शहाबादी लाद्या टाकून सपाट छत केलेलं दिसतं, पण ती रीत वेगळी: खाली जवळजवळ आधार असतात आणि लाद्यांमधल्या सांधी भरलेल्या असतात. उतरत्या छपराला ती रीत लागू पडत नाही.

वजनाचा प्रश्न आपल्याकडे फक्त खर्चाचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर येऊन. लाकडी तुळया, किलच आणि त्यावर फूटभर पांढरी माती धरली, तर दर चौरस फुटाला ४० ते ४५ किलो वजन डोक्यावर असतं. त्या तुलनेत स्लेटचं छप्पर दहापट हलकं. मंगलोरी कौलांच्या जवळपासच त्याचं वजन जातं. म्हणून स्लेट म्हटल्यावर दगड डोक्यावर घ्यायचा म्हणून घाबरण्याचं कारण नाही, मात्र ती स्लेट असली पाहिजे. छपराच्या कैच्या भिंतीवरच्या आरसीसी पट्ट्याला बोल्टने बांधलेल्या हव्यात, हे वेगळं सांगायला नको.

एक सावधगिरी आणखी. टाइल्सच्या मोठ्या दुकानांत ‘स्लेट’ या नावाने कम्पाउंडच्या भिंतीला चिकटवायचा दगड मिळतो. दिसायला सुंदर, पण तो छपरासाठी निवडलेला नसतो. कुठे ४ मिलिमीटर, कुठे १२, आणि पाणी किती पितो याचा पत्ता नाही. छपराच्या स्लेटला भारतीय मानक आहे, आयएस ६२५०. अमेरिकेचं एएसटीएम सी ४०६ हे मानक स्लेटचे तीन वर्ग करतं. पहिल्या वर्गाचं आयुष्य ७५ वर्षांहून जास्त आणि त्याने पाणी प्यायचं ते वजनाच्या फार तर ०.२५ टक्के. ही मोजणी घरीही अंदाजाने करता येते. पाटी दोन दिवस कडक उन्हात वाळवा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा, दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, फडक्याने पुसून पुन्हा वजन करा. सव्वादोन किलोंच्या पाटीचं वजन पाच-सहा ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं नाही तर दगड पहिल्या वर्गाच्या जवळ आहे. वीस-पंचवीस ग्रॅम वाढलं तर तो भिंतीलाच बरा. यासोबत पाटी एका हातात लटकती धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोका. खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज म्हणजे आत चीर. आणि अंगावर पिवळसर सोनेरी ठिपके असतील तर ते पायराइट या लोहयुक्त खनिजाचे असू शकतात. काही प्रकारचं पायराइट गंजतं, ओघळ उतरतात, आणि ठिपक्याच्या जागी भोक पडतं.

मोठ्या कामासाठी प्रयोगशाळेचा दाखला मागाच. घरची परीक्षा ही गाडीभर माल मागवण्याआधी नमुना नाकारण्यापुरती.

पाणी आत का येत नाही

स्लेटच्या छपरात चिकटवण्यासारखं काही नसतं. सिमेंट नाही, सिलिकॉन नाही, केमिकल नाही. तरी पाणी आत येत नाही, कारण दोन गोष्टी जमवलेल्या असतात: उतार आणि झाकण.

उतार फुटाला किती इंच, या हिशेबात धरू, कारण आपले सुतार तसाच धरतात. फुटाला ८ इंच उतार असेल तर स्लेट निर्धास्त बसवावी. ४ इंच ही खालची मर्यादा. त्याखाली स्लेट घालूच नये. आपल्याकडे पत्र्याच्या शेडला फुटाला दोनेक इंच उतार देतात. त्यामुळे ‘पत्रे काढून त्याच सांगाड्यावर स्लेट टाकू’ हा सल्ला कुणी दिला तर तो साफ नाकारा.

आता झाकण. एक पाटी २० इंच लांब, १० इंच रुंद आहे असं धरा. खालच्या ओळीवर वरची ओळ चढते, तिच्यावर तिसरी. नियम असा की तिसऱ्या ओळीच्या पाटीने पहिल्या ओळीच्या पाटीचा माथासुद्धा ३ इंच झाकला पाहिजे. या ३ इंचांना हेडलॅप म्हणतात. उतार फुटाला ४ ते ८ इंच असेल तर हेडलॅप ४ इंच घ्यायचा. पाटीचा उघडा दिसणारा भाग काढायचा तो असा: लांबीतून हेडलॅप वजा करा आणि उरलेल्याचे दोन भाग करा. २० मधून ३ गेले १७, त्याचे निम्मे साडेआठ. म्हणजे वीस इंचाची पाटी घेऊन आपल्याला दिसते फक्त साडेआठ इंच. बाकीचा दगड खाली लपून काम करतो. खर्च कमी करायला निघालेला माणूस पहिला हात इथे घालतो, उघडा भाग दहा इंच करतो आणि काही पाट्या वाचवतो. मग हेडलॅप शून्य होतो आणि पहिल्याच वळवाच्या पावसात वाऱ्याने उलटं चढलेलं पाणी सरळ आत येतं.

सोलापुरात पाऊस कमी, म्हणून ओव्हरलॅप कमी चालेल, असंही ऐकायला मिळतं. आपला पाऊस कमी आहे, पण तो पडतो तो वावटळीसकट. एप्रिल-मेचा वळीव आणि सप्टेंबरातली परतीची झड दोन्ही वाऱ्यावर येतात. हेडलॅप पावसाच्या एकूण मिलिमीटरवर ठरत नाही. वारा पाणी उतारावर किती वर ढकलतो आणि दगडांमधल्या फटीत ते किती ओढलं जातं, यावर ठरतो.

आडव्या दिशेलाही हाच विचार. दोन पाट्यांमधली उभी फट खालच्या ओळीच्या फटीपासून निदान ३ इंच दूर हवी. दहा इंची पाटी असेल तर वरच्या ओळीची फट खालच्या पाटीच्या मधोमध आणायची, म्हणजे पाच इंच मिळतात.

हिशेब हातात असावा म्हणून एक उदाहरण घेतो. घरासमोर २० फूट लांब, १० फूट खोल पडवी, एकाच बाजूला उतार, फुटाला ८ इंच. उतारावरची लांबी १० फुटांची १२ फूट होते, म्हणजे १४४ इंच. साडेआठ इंचांच्या १७ ओळी. प्रत्येक ओळीत २४ पाट्या. झाल्या ४०८. वळचणीला सर्वांत खाली एक आखूड पाट्यांची सुरुवातीची ओळ लागते. तिची लांबी उघडा भाग अधिक हेडलॅप, म्हणजे साडेअकरा इंच, आणि ती पाठ वर करून बसवायची. तिच्या २४ मिळून ४३२. वाहतुकीत आणि कापताना फुटतील त्यासाठी दहा टक्के जास्त, म्हणजे ४७५ पाट्या मागवायच्या. प्रत्येकीला दोन खिळे. साडेनऊशे खिळे जवळ हवेत. पडव्यांची टोकं, वळचणीबाहेर काढायचा दीडएक इंच, हे वरखाली होईल, पण ठेकेदाराने तीनशे पाट्यांत काम करून देतो म्हटलं तर तो काय वाचवतोय हे या आकड्यांवरून कळतं.

खिळा

स्लेटचा खिळा तांब्याचा असतो. गुळगुळीत दांडा, मोठं चपटं डोकं. लांबीचा नियम सोपा आहे: पाटीच्या जाडीच्या दुप्पट अधिक एक इंच. पाव इंची पाटीला दीड इंची खिळा. वळचणीला आणि आढ्याजवळ थर वाढतात, तिथे थोडा लांब.

तांब्याचा खिळा महाग म्हणून जीआयचा वापरू, असं सुचवलं जाईल. जस्ताचा मुलामा गेला की आतलं लोखंड गंजतं, डोकं झडतं आणि पाटी घसरून खाली येते. बाकीच्या पाट्यांचे खिळेही त्याच वयाचे असतात, त्यामुळे एक पडली की दोन-तीन वर्षांत रांग लागते. मग पुन्हा सगळ्या पाट्या उतरवा, पुन्हा बसवा. दगडाचे पैसे वाचतात, पण मजुरी दुसऱ्यांदा जाते आणि उतरवताना काही पाट्या फुटतात त्या वेगळ्याच. तांबं नाहीच मिळालं तर स्टेनलेसचा, ३०४ दर्जाचा, मोठ्या डोक्याचा खिळा घ्यावा. तो चुंबकाला चिकटतो का ते बघणं ही पूर्ण परीक्षा नाही, पण जोरात चिकटला तर दुकानदाराला प्रश्न विचारायला हरकत नाही.

आता ठोकण्याची पद्धत, आणि आपल्या मिस्त्रींना सर्वांत अवघड जाणारी गोष्ट हीच. त्यांचा हात लाकडाला बसलेला असतो: खिळा पूर्ण आत, डोकं घट्ट. स्लेटला असं केलं की ती त्याच क्षणी चिरते, किंवा ताणात राहून मे महिन्यात तापल्यावर चिरते. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावर लटकतं, तशी पाटी खिळ्यावर लटकली पाहिजे. बोटाने हलवली तर किंचित हलावी. पण डोकं वर राहिलं तरी पंचाईत. त्यावर वरची पाटी टेकते, आणि कुणी वर पाऊल ठेवलं की खिळा तिच्यातून आरपार येतो. डोकं दगडाच्या खळग्यात, पृष्ठभागाच्या बरोबरीला, आणि दाब शून्य. दहा-बारा पाट्या खाली जमिनीवर फळीवर बसवायला लावून मग माणसाला वर चढवावं.

तो खळगा कुठून येतो? भोक पाडण्याच्या पद्धतीतून. पाटी उलटी धरून पाठीकडून टोकदार हातोड्याचा एक नेमका घाव दिला की भोक पडतं आणि समोरच्या बाजूला दगडाची बारीक कपची उडून वाटीसारखा खळगा होतो. खिळ्याचं डोकं त्यात बसतं. ड्रिलने पाडलेलं भोक स्वच्छ दिसतं, पण खळगा येत नाही. ड्रिलच वापरायचं असेल तर जाड बिटने तोंड थोडं मोठं करून घ्यावं लागतं. भोकांची जागा पाटीच्या वरच्या टोकापासून लांबीच्या पाव ते एकतृतीयांश अंतरावर, आणि कडेपासून सव्वा ते दोन इंच आत. वीस इंची पाटीला वरून पाच-साडेसहा इंचांवर. तिथे ठोकलेला खिळा खालच्या पाटीच्या माथ्यावरून पलीकडे लाकडात जातो, खालच्या पाटीला भोकसत नाही.

अवजारं

स्लेट हातोडा हे या कामातलं मुख्य अवजार. एकसंध पोलादाचा, चामडं गुंडाळलेली मूठ. एका बाजूला टोक, भोकासाठी. दुसऱ्या बाजूला चपटं तोंड, खिळ्यासाठी. मधे खिळा उपसायची चीर, आणि दांड्याची कड कापण्यासाठी धारदार. चार अवजारांचं काम एक करतं, कारण उतारावर बसलेल्या माणसाला चार अवजारं सांभाळता येत नाहीत. सोलापूरच्या हार्डवेअर दुकानात हा सहसा मिळणार नाही. मागवून घ्यावा लागतो. पाथरवटाची टाकी आणि सुतकी इथे चालत नाही. ती जाड दगड घडवायला केलेली आहे, पाच मिलिमीटरच्या पाटीवर तिचा घाव जड पडतो.

हातोड्याच्या जोडीला टीच्या आकाराची लोखंडी पट्टी लागते. तिचं टोक फळीत ठोकून बसवायचं, पाटी तिच्यावर आडवी धरायची आणि हातोड्याच्या धारेने कड उतरवायची. ही पट्टी कोणताही चांगला लोहार करून देईल. कापतानाही पाटीची पाठ वर हवी. मग दर्शनी बाजूची कड तिरकी, ओबडधोबड उडते. बसवल्यावर ती वरून दिसते. छपराला हाताने घडवल्याचा जो पोत येतो तो या कडेमुळे.

पाट्या जास्त असतील तर लांब दांड्याची कात्री घ्यावी. बाकावर बसवून दांडा दाबला की सरळ काप जातो. भोक पाडायची टोचणीही काहींना जोडलेली असते.

तिसरं अवजार रिपर. हात-दीड हात लांब, पातळ पोलादी पातं, टोकाला दोन्ही बाजूंनी आकडा, मुठीजवळ बाक. बसवताना त्याचा काही उपयोग नाही, पण ते नसेल तर एक फुटकी पाटी बदलायला दहा काढाव्या लागतात. त्याबद्दल शेवटी.

बाकीचं आपल्या सुताराकडे असतंच: सूत मारायची दोरी, गुण्या, लेव्हल, फीत. सूत मात्र प्रत्येक ओळीला मारायचं, नजरेवर नाही.

चढण्याची सोय वेगळी करावी लागते. बसवलेल्या स्लेटवर पाय ठेवायचा नाही, कधीच नाही. आढ्याला आकडा अडकणारी शिडी आणि फळी टेकवायचे लोखंडी ब्रॅकेट लागतात, आणि कमरेला पट्टा. पट्ट्याची दोरी आढ्याच्या पलीकडच्या पक्क्या आधाराला. फुटाला आठ इंच उतारावर, दगडाच्या भुकटीवर पाय घसरायला निमित्त लागत नाही, म्हणून याबाबत मजुरांच्या “आम्हाला सवय आहे” यावर जाऊ नये.

ग्राइंडर नको

हा मुद्दा वेगळा काढतो, कारण आपल्याकडे दगड म्हटला की हातात पहिला ग्राइंडर येतो. स्लेटमध्ये सिलिका असते. ग्राइंडरच्या चाकाने कोरडी कापली की जी धूर वाटावी अशी धूळ उडते ती फुप्फुसात खोलवर जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. हा रोग बरा होत नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला स्लेटच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांमध्ये तो मोठ्या प्रमाणावर झाला, तरुण माणसं दगावली. कारण हेच होतं: बंद जागा, फिरतं चाक, कोरडी धूळ.

हातोडा आणि कात्री दगड तोडतात, दळत नाहीत. कपच्या पडतात, धूळ फार थोडी होते. जुन्या रीतीचा हा फायदा इतका मोठा आहे की फक्त त्यासाठीसुद्धा ही अवजारं मागवावीत. कुठे अवघड कोपरा कापायला चाक लावावंच लागलं तर पाण्याची धार सोडून, उघड्यावर, आणि नाकावर एन-९५ मास्क. तोंडाला बांधलेला पंचा ही धूळ अडवत नाही. छप्पर आपलं असतं, फुप्फुसं दुसऱ्याची, म्हणून ही जबाबदारी मालकाने घ्यायची.

खालचं लाकूड आणि आपला उन्हाळा

खिळा ज्यात धरतो ते लाकूड. पाऊण ते एक इंच जाडीच्या फळ्या, नाहीतर वाशांवर आडव्या रिपा. प्लायवुड टाळावं, थर सुटले की खिळ्याची पकड जाते, आणि शंभर वर्षांच्या दगडाखाली वीस वर्षांचा आधार घालण्यात अर्थ नाही. जुनं सागवान मिळालं तर सोनं. सोलापुरात पडणाऱ्या जुन्या वाड्यांचं लाकूड विकायला येतं. खिळे काढून, वाळवी तपासून ते घ्यावं. नवं घेतलं तर पूर्ण वाळलेलं घ्या. आपल्या कोरड्या हवेत ओलं लाकूड पिळवटतं आणि वरच्या पाट्या एकमेकींवर रेटून फुटतात.

सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा असेल, तर त्यावर लाकडी रिपा बोल्टने बसवून मग स्लेट. फ्रान्समध्ये खिळ्यांऐवजी स्टेनलेसच्या आकड्यांवर पाट्या अडकवण्याची पद्धत रूढ आहे. आकडा रिपेला धरतो आणि पाटीचं खालचं टोक त्यात बसतं. वाऱ्यात पाटी खडखडत नाही आणि भोकं पाडावी लागत नाहीत.

थंड देशांत स्लेटला मारतं ते गोठणारं पाणी. चिरेत शिरलेल्या पाण्याचा बर्फ होतो आणि थर सुटतो. सोलापुरात तो प्रश्नच नाही. आपला प्रश्न उन्हाचा. काळी स्लेट मे महिन्यात हात लावू देणार नाही इतकी तापते, आणि ती फळीला चिकटून असेल तर ती सगळी उष्णता खोलीत उतरते. उपाय हवेच्या पोकळीचा: फळ्यांवर पाणी अडवणारा पडदा, त्यावर उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या रिपा, मग स्लेट. या इंच-दीड इंचाच्या पोकळीत हवा वळचणीतून शिरते आणि आढ्यातून निघून जाते, उष्णता घेऊन. वळचणीच्या तोंडाला बारीक जाळी लावा, नाहीतर पाखरं आणि गांधीलमाश्या तिथे संसार थाटतात. पडदा म्हणून डांबरी फेल्ट आपल्या उन्हात मऊ पडतो. हवा खेळू देणारा मेम्ब्रेन मला इथे जास्त योग्य वाटतो. आतून शक्य असेल तर उष्णतारोधक थरही द्यावा. हे सगळं न करता नुसती स्लेट टाकली तर पत्र्याच्या खोलीपेक्षा थोडं बरं, एवढंच पदरात पडेल.

जिथे दोन पाखी भेटतात

पाणी आत येतं ते सपाट पाख्यातून क्वचितच. ते येतं दोन पाखी मिळतात त्या पन्हळीतून, भिंतीला छप्पर टेकतं तिथून आणि धुराड्याच्या किंवा पाइपच्या भोवतीनं. या जागी तांब्याचा पत्रा लागतो, साधारण ०.५५ ते ०.७ मिलिमीटर जाडीचा. भिंतीलगत एक लांब पट्टी चालत नाही. प्रत्येक ओळीला एक वेगळा काटकोनी तुकडा, पाटीसोबत पाटीसारखाच चढवत न्यायचा आणि वरून भिंतीतल्या खाचेत घातलेल्या पट्टीने झाकायचा. तांब्याचं काम जाणणारा कारागीर यासाठी पत्रे कापणाऱ्यापेक्षा बरा, कारण पन्हळीचे सांधे डाग देऊन जोडावे लागतात.

तांब्यावरून वाहिलेलं पाणी वळचणीखालच्या जीआय किंवा ॲल्युमिनियमच्या पन्हळीत सोडू नका. त्या पाण्यातले तांब्याचे कण त्या धातूला खातात, काही वर्षांत चाळण होते. वर तांबं असेल तर पन्हळही तांब्याची, किंवा पीव्हीसीची.

आढ्यावर सिमेंटचा गोळा फासण्याची आपल्याकडे सवय आहे. दगड आणि लाकूड ऊन-थंडीत वेगवेगळं हलतात, सिमेंट हलत नाही, म्हणून त्याला तडा जातो आणि त्या तड्यातून पाणी मुरत राहतं. आढ्याला तांब्याची टोपी किंवा दोन्ही बाजूंनी बसवलेल्या पाट्या घ्या.

एक पाटी फुटली तर

गारपीट होते, गावात वानरं असतात, टाटा-डिशवाला वर चढतो. पाटी फुटणारच. तेव्हा रिपर खालून वर सरकवायचा, आकडा खिळ्याला अडकवायचा आणि मुठीजवळच्या बाकावर हातोडीचा ठोका द्यायचा. खिळा तुटतो, फुटकी पाटी खाली ओढून येते. नवी पाटी त्याच फटीत वर सरकवायची. आता तिला खिळा मारायला जागा नाही, कारण वर दुसरी ओळ आहे. म्हणून खालच्या ओळीतल्या दोन पाट्यांच्या फटीत आधीच एक तांब्याचा किंवा स्टेनलेसचा आकडा ठोकून ठेवायचा आणि पाटीचं खालचं टोक त्यात अडकवायचं. खालून बारीक टोक चमकताना दिसतं, तेवढंच.

यासाठी मूळ मालातल्या पंचवीस-तीस पाट्या घरामागे उभ्या, भिंतीला टेकवून ठेवा. आडवी चळत लावली तर खालच्या फुटतात. सोलर बसवायचं असेल तर ते छपरावर नंतर चढवण्यापेक्षा घराच्या स्लॅबच्या भागावर किंवा अंगणात वेगळ्या सांगाड्यावर घ्या. आणि काम संपल्यावर एका कागदावर खाणीचं नाव, पाटीचं माप, जाडी, हेडलॅप, उघडा भाग आणि खिळ्याचा धातू लिहून तो घराच्या नकाशासोबत फाइलला लावा. वीस वर्षांनी दुरुस्तीला येणाऱ्या मिस्त्रीला पहिली विचारणा याचीच करावी लागते.